ताणातून बिघडणारी हृदयाची लय

श्रोतेहो, नमस्कार. आधी विजेचा संदेश, मग स्नायूचं आकुंचन: हृदयाचा ठोका असा पडतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण उलटंही घडतं. हृदयाची भिंत ताणली गेली की त्या ताणातूनच विजेचा संदेश उठू शकतो.

विश्रांतीच्या वेळी जवनिकेच्या, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्याच्या पेशीचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा सुमारे 85 मिलिव्होल्टने ऋण असतो. पेशीच्या आवरणात ताणाने उघडणारी सूक्ष्म द्वारं असतात. ती उघडली की मुख्यतः सोडियम आत शिरतो, ऋणभार घटतो, आणि घट पुरेशी झाली तर वेळेआधीच ठोका पडतो. कॅथेटरचं, म्हणजे रक्तवाहिनीतून हृदयात सरकवलेल्या बारीक नळीचं टोक जवनिकेच्या भिंतीला टेकलं, तरी मॉनिटरवर असे ठोके दिसतात. टोक मागे घेतलं की बहुधा ते थांबतात.

वर्षानुवर्षं ताण राहिला तर गोष्ट वेगळी. वाढलेला रक्तदाब किंवा हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली अरुंद झालेली मायट्रल झडप यांमुळे डावी कर्णिका, म्हणजे डावा वरचा कप्पा, फुगत जाते, तिच्यात तंतुमय ऊती वाढतात, संदेश रेंगाळतो आणि एट्रियल फिब्रिलेशनला, म्हणजे कर्णिकांच्या अनियमित थरथरीला, वाट मिळते. म्हणून त्रास जाणवत नसला तरी रक्तदाबाचं औषध सोडू नये.

अचानक बसलेल्या ताणात मात्र सगळं क्षणावर ठरतं. ईसीजी, म्हणजे हृदयाच्या विजेचा आलेख; त्यावरचा टी-तरंग म्हणजे ठोक्यानंतर जवनिका सावरत असल्याची खूण. या तरंगाच्या शिखराआधी साधारण 10 ते 30 मिलिसेकंदांत जवनिकेच्या काही पेशी सावरलेल्या असतात, काही नसतात. नेमका तेव्हा छातीवर हृदयाच्या जागी चेंडू आदळला, तर उठलेला संदेश सरळ पसरत नाही. तो अडतो, वळतो, गोल फिरत राहतो. हेच व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन: जवनिका आकुंचन न पावता नुसती थरथरते. रक्ताभिसरण थांबतं, आणि हृदयाला जखम मात्र नसते. याला कमोशिओ कॉर्डिस म्हणतात. डुकरांवरच्या प्रयोगांत ताशी सुमारे 64 किलोमीटर वेगाच्या चेंडूने हा धोका सर्वाधिक दिसला. म्हणजे फार जोराचा मार लागावा लागतो, असं मुळीच नाही. लहान मुलांची छाती लवचीक असते, म्हणून त्यांची काळजी अधिक.

चेंडू लागून खेळाडू कोसळला, हाकेला ओ देत नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके येताहेत, तर ‘मुका मार लागलाय, येईल शुद्धीवर’ म्हणत थांबू नका. एकाने रुग्णवाहिका बोलवावी, एकाने एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं स्वयंचलित यंत्र, आणावं. तिसऱ्याने लगेच छातीच्या मध्यावर मिनिटाला 100 ते 120 वेळा दाब द्यावा. प्रौढांत 5 ते 6 सेंटीमीटर खोल, मुलांत छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. एईडी आलं की लगेच लावावं; विजेचा झटका हवा की नको, हे यंत्रच तपासून सांगतं. झटक्यानंतर नाडी शोधत बसू नका, दाब लगेच पुन्हा सुरू करा.