दोनच संघांची लीग

इंग्लंडच्या नैऋत्य टोकापासून साधारण ४५ किलोमीटर समुद्रात सिली बेटं आहेत. वस्ती पाच बेटांवर, माणसं सगळी मिळून २,००० च्या आसपास. त्यातल्या सर्वांत मोठ्या सेंट मेरीजवर, १५९३ साली बांधलेल्या स्टार कॅसलच्या टेकडीवर, फुटबॉलचं मैदान आहे.

इथल्या लीगमध्ये संघ दोनच: गॅरिसन गनर्स आणि वूलपॅक वॉन्डरर्स. पूर्वी ते रेंजर्स आणि रोव्हर्स होते. आताची नावं १९८४ पासूनची. हिवाळाभर रविवारी सकाळी हेच दोघे एकमेकांशी भिडतात. लीगही त्यांचीच आणि चषकांचे अंतिम सामनेही त्यांचेच.

बाहेरचा संघ का नाही? कारण हिवाळ्यात मुख्य भूमीवरच्या पेन्झन्स बंदराची प्रवासी बोट बंद असते. उरतं छोटं विमान किंवा हेलिकॉप्टर, तेही धुकं आणि वारा परवानगी देतील तेव्हा. आणि उन्हाळ्यात पर्यटकांची गर्दी. तेव्हा खेळाडूंना कामातून सवड कुठली?

दोनच संघ असल्यावर एक जरी वरचढ ठरला, तरी सगळा हंगाम एकतर्फी होतो. सिलीकरांनी यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. हंगाम सुरू होण्याआधी दोन्ही कर्णधार बसतात आणि शाळेच्या मैदानावर गडी वाटून घ्यावेत तसे खेळाडू वाटून घेतात. गेल्या वर्षी ज्यानं तुम्हाला पास दिला, तोच यंदा तुमच्या पायातून चेंडू काढायला येतो. तरी कुणी खेळ हातचा राखून खेळत नाही.

२००८ मध्ये एका जाहिरातीच्या निमित्तानं इंग्लंडचे नामवंत फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅम आणि स्टीव्हन जेरार्ड या लीगशी जोडले गेले, आणि तिचं नाव जगभर पोचलं.

उन्हाळ्यात मात्र बेटाचा जीव समुद्रातल्या गिगच्या शर्यतींत असतो. गिग म्हणजे एल्म लाकडाची सुमारे ३२ फुटी, सहा वल्ह्यांची होडी. शिडाची जहाजं दिसली की या होड्या सुटायच्या. जी आधी जहाजाला भिडे, तिच्यातल्या पायलटला खडकांतून वाट दाखवायचं काम आणि पैसे मिळायचे. पोटासाठीची ती चुरस आज खेळात जिवंत आहे. बुधवारी संध्याकाळी बायकांच्या शर्यती, शुक्रवारी पुरुषांच्या. १९९० पासून मे महिन्यात जागतिक स्पर्धाही इथेच भरते. १८३० मध्ये बांधलेली 'बॉनेट' ही गिग आजही पाण्यात उतरते, आणि तिच्या वल्ह्यांवर हात असतात ते इथल्याच माणसांचे.

फुटबॉलची खरी अडचण वेगळीच. बेटावरची शाळा १६ वर्षांपर्यंतच. पुढच्या शिक्षणासाठी मुलं मुख्य भूमीवर जातात, म्हणजे ऐन खेळायच्या वयात मैदान सोडतात. मग चाळिशी ओलांडलेले खेळाडू आणि मिसरूड फुटलेली पोरं एकाच संघात दिसतात. दर हंगामात २२ जण उभे करायचे, तर दोन्ही क्लबांना एकमेकांची काळजी घ्यावीच लागते. समोरचा संघ भरला नाही, तर आपलाही सामना होत नाही.