गोंगाटात हरवणारा पादचारी

पडद्यावर चढत जाणारी ही तिरपी रेघ पाहा. रडारची वारंवारता वेळेनुसार कशी वाढते, ते ती दाखवते. मोटारीच्या बंपरमागे बसवलेलं रडार 77 गिगाहर्ट्झच्या आसपास लहरी सोडतं. लहरीची लांबी जेमतेम चार मिलिमीटर. तिची वारंवारता एका जागी थांबत नाही, सतत वर सरकते. अशा एका चढाला ‘चर्प’ म्हणतात. समोरच्या वस्तूवर आपटून लहर परत येईपर्यंत रडारची स्वतःची वारंवारता थोडी पुढे गेलेली असते. हा फरक मोजला की अंतर कळतं. 150 मीटरवरून परतायला लहरीला लागतो फक्त एक मायक्रोसेकंद.

1999 मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये असं रडार आलं, तेव्हा रस्त्यावर त्याला दुसरं रडार क्वचितच भेटायचं. आज एकाच गाडीत पुढे, मागे आणि कोपऱ्यांत मिळून पाच-सहा रडार असू शकतात. ही सगळी 76 ते 81 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, एकमेकांना न विचारता बोलत असतात.

दोन रडारच्या या भेटीत पारडं मुळातच एका बाजूला झुकलेलं असतं. आपली लहर जाते आणि परत येते. अंतर दुप्पट झालं की परतणारी शक्ती सोळाव्या हिश्शावर येते. समोरच्या गाडीच्या रडारची लहर मात्र एकच फेरी करते, त्यामुळे तेवढ्याच अंतराला ती फक्त चौथ्या हिश्शावर येते. म्हणून दूरच्या परक्या रडारचा आवाज जवळच्या माणसावरून परतलेल्या लहरीपेक्षा कितीतरी मोठा ठरतो.

आता दोन रेघा एकमेकींना छेदतात तो क्षण जवळून बघू. आपला चर्प 40 मायक्रोसेकंदांचा, दर मायक्रोसेकंदाला 20 मेगाहर्ट्झ चढणारा. परका चर्प 50 मेगाहर्ट्झने चढणारा. आपला रिसीव्हर स्वतःच्या वारंवारतेच्या दोन्ही बाजूंना 15 मेगाहर्ट्झपर्यंतचं ऐकतो. म्हणजे परकी रेघ या 30 मेगाहर्ट्झच्या खिडकीतून एका मायक्रोसेकंदात आरपार जाते. आलेल्या लहरीची सेकंदाला चार कोटी मोजमापं, म्हणजे नमुने, घेतले, तर चर्पच्या 1600 नमुन्यांपैकी 40 खराब होतात. ग्राफवर मध्येच उसळलेला हा झुपका म्हणजे तेच 40 नमुने.

चाळीसच, असं वाटेल. पण अंतर काढण्यासाठी 1600 नमुन्यांचं एकत्र गणित होतं आणि तो झुपका सगळ्या अंतरांवर पसरतो. गोंगाटाची पातळी वर येते. ट्रकवरून येणारी भक्कम लहर तरीही उठून दिसते. माणसावरून येणारी लहर मोटारीवरून येणाऱ्या लहरीपेक्षा खूपच दुबळी. ती त्या गोंगाटात बुडते.

या विषयात चर्चा बहुतेक वेळा ‘भुतांची’ होते, म्हणजे रस्त्यावर नसलेली वस्तू रडारला दिसण्याची. त्यासाठी दोन्ही चर्पचा चढ तंतोतंत सारखा असावा लागतो आणि सुरुवात मायक्रोसेकंदाच्या आत जुळावी लागते. असं क्वचित घडतं. माझ्या मते खरी काळजी दुसरीकडे आहे. भूत दिसलं तर गाडी उगाच ब्रेक मारते आणि चालकाला ते कळतं. पादचारी गोंगाटात हरवला, तर रडारच्या लेखी रस्ता मोकळा असतो आणि कोणालाच काही कळत नाही.

उपाय आहेत. खराब नमुने हेरून पुसून टाकतात, किंवा दोन्ही बाजूंच्या चांगल्या नमुन्यांवरून मधली जागा भरतात. हे तेवढ्या 40 नमुन्यांसाठी छान चालतं. पण दोन चढांमधला फरक फक्त एक मेगाहर्ट्झ असला, तर ती भेट 30 मायक्रोसेकंद चालते. चर्पचा पाऊण भाग पुसल्यावर उरतं काय? दुसरा उपाय म्हणजे प्रत्येक चर्पची सुरुवात थोडी मागेपुढे करणं. त्याने भूत एका जागी टिकत नाही. पण त्याची शक्ती नाहीशी होत नाही, ती विखुरते आणि गोंगाटातच भर घालते.

अँटेना 45 अंशांत तिरपा बसवला, तर समोरासमोरच्या दोन रडारची ध्रुवणं, म्हणजे लहरींच्या कंपनांच्या दिशा, एकमेकांशी काटकोनात येतात आणि थेट येणारा त्रास बराच घटतो. कठड्यावरून उसळून आलेल्या लहरींना मात्र हा बांध पुरत नाही. युरोपीय संघाच्या अर्थसाहाय्याने 2010 ते 2012 दरम्यान झालेल्या ‘मोसारिम’ प्रकल्पात अशा उपायांचा एकत्रित अभ्यास झाला.

मग प्रत्येकाला वारंवारतेची वेगळी पट्टी का देऊ नये? कारण आपल्या चर्पला 800 मेगाहर्ट्झ मिळतात म्हणून साधारण 19 सेंटिमीटरचा फरक ओळखता येतो. 200 मेगाहर्ट्झच दिले, तर हा आकडा 75 सेंटिमीटरवर जातो. उभ्या गाडीला टेकलेला माणूस मग गाडीचाच भाग दिसतो. म्हणून वेळ वाटून घेणं, म्हणजे गाड्यांनी आपसात ठरवून आळीपाळीने बोलणं, मला जास्त पटतं. ते कोणा एका कंपनीच्या हातात नाही. त्यासाठी सर्वांना लागू होणारं मानक हवं.

तोपर्यंत एक गोष्ट प्रत्येक रडार आजही करू शकतं. गोंगाट किती वाढलाय हे त्याला मोजता येतं. गोंगाट सोळापट झाला, की ज्या पादचाऱ्याला ते एरवी 100 मीटरवर पकडतं, तो 50 मीटरवर आल्याशिवाय दिसत नाही. हे त्याने ब्रेकच्या यंत्रणेला लगेच कळवावं, आणि गाडीने वेग त्या 50 मीटरच्या हिशेबाने ठेवावा.