दोन्ही हात, एकाच वेळी

भिंतीकडे येणारे हे दोन हात नीट पाहावेत. पाण्याखालच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या या दृश्यात डावा तळहात भिंतीला टेकतो आणि उजवा त्याच्यामागून, पापणी लवावी एवढ्याच अवकाशाने, येऊन पोहोचतो. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लाय या दोन प्रकारांत प्रत्येक टर्नच्या वेळी, म्हणजे भिंतीपाशी वळताना, आणि शर्यत संपवताना दोन्ही हात एकमेकांपासून वेगळे ठेवून एकाच वेळी भिंतीला टेकले पाहिजेत, असा जलतरणाचा नियम आहे. ते पाण्याच्या वर टेकले की खाली, याला हरकत नाही आणि दोन्ही एका पातळीत असण्याचीही सक्ती नाही. सक्ती आहे ती हात वेगळे ठेवून एकाच वेळी टेकण्याची. हे चित्रण सरावातले आहे. स्पर्धेतला तो टर्न कोणी टिपलेला नाही, पण तिथेही असेच घडले. भिंतीपाशी उभ्या असलेल्या निरीक्षकाने हात वर केला आणि २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचे संपूर्ण अंतर पोहून आलेल्या या जलतरणपटूच्या नावापुढे वेळेच्या जागी अपात्रतेची नोंद झाली.

ही चित्रफीत त्यानंतरच्या अकरा महिन्यांची आहे.

त्या ४९ वर्षांच्या आहेत, पूर्ण वेळ नोकरी करतात, दोन मुलांच्या आई आहेत आणि पोहायला त्या वयाच्या ४१व्या वर्षी शिकल्या. मुलाला तलावावर सोडायला जाणे आणि तो बाहेर येईपर्यंत बाकावर बसून राहणे, इतकाच तोवर त्यांचा पाण्याशी संबंध होता. बाकावरून उठून त्या उथळ पाण्यात कशा उतरल्या, त्या पहिल्या दिवसाचे एकही छायाचित्र घरात नाही. त्यांच्या किकबोर्डचा, म्हणजे हातात धरून पाय मारण्याच्या तरंगत्या फळीचा, झिजलेला कोपरा मात्र आहे आणि तो त्यांनी कॅमेऱ्यासमोर आपण होऊन धरला.

मास्टर्स जलतरण म्हणजे प्रौढांच्या स्पर्धा. जागतिक पातळीवर त्यांची सुरुवात वयाच्या २५व्या वर्षापासून होते आणि पुढे पाच-पाच वर्षांचे गट पडत जातात. वय मोजताना स्पर्धेच्या वर्षाची ३१ डिसेंबर ही तारीख धरली जाते. यांचा वाढदिवस डिसेंबरातला असल्यामुळे पन्नाशी पूर्ण होण्याच्या कितीतरी आधी, जानेवारीतच, त्या ५० ते ५४ या गटात दाखल झाल्या. एरवी वय वाढल्याचे दुःख होते. इथे मात्र नव्या गटात पाऊल ठेवणारा माणूस त्या गटातला सर्वांत तरुण असतो आणि त्या दिवसाची मंडळी वाट पाहतात.

या चळवळीचे मूळ एका डॉक्टरच्या आग्रहात आहे. अमेरिकन नौदलातले डॉ. रॅन्सम आर्थर यांचे म्हणणे होते की, स्पर्धेची तारीख समोर असली तर प्रौढ माणसे व्यायाम सोडत नाहीत. त्यांच्या पुढाकाराने १९७० साली टेक्सासमधल्या अमारिलो येथे प्रौढांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि १९८६ साली टोकियोत जागतिक मास्टर्स स्पर्धेला प्रारंभ झाला. त्याच जपानमधल्या मिएको नागाओका यांनी ऐंशी ओलांडल्यावर, गुडघ्याच्या दुखण्यावर उपाय म्हणून, पोहायला सुरुवात केली आणि २०१५ साली, वयाच्या १००व्या वर्षी, २५ मीटरच्या तलावात १५०० मीटर अंतर १ तास १५ मिनिटे ५४.३९ सेकंदांत पूर्ण केले. आमच्या जलतरणपटूच्या कपाटाच्या दाराला आतून ही वेळ चिकटवलेली आहे. फक्त आकडे आहेत, नाव नाही.

आता या कागदाकडे यावे. फ्रिजच्या दारावर लावलेला हा आठवड्याचा तक्ता त्यांचे पती दर रविवारी रात्री पेन्सिलीने भरतात. सोमवार, मंगळवार, गुरुवार आणि शनिवार या चार दिवशी पहाटे ५:३० ते ७:३० या वेळेत आई घरात नाही, हे गृहीत धरून बाकी सर्व चौकटी मांडलेल्या आहेत. मुलाला कोण उठवणार, मुलीच्या शिकवणीला सोबत कोण जाणार, आजींच्या औषधांची वेळ कोण सांभाळणार, हे प्रत्येक चौकटीत नावानिशी लिहिलेले आहे. गुरुवारच्या चौकटीत खोडरबर इतक्या वेळा फिरला आहे की कागद विरळ झाला आहे आणि उजेडात धरला तर त्यातून पलीकडचे बोट दिसते. गुरुवारी पतींच्या कामाची वेळ बदलत असते आणि त्यामुळे त्या एका सकाळसाठी दर आठवड्याला नव्याने बोलणे करावे लागते.

कुटुंबाचा पाठिंबा हा शब्द सत्कार समारंभात फार सैलपणे वापरला जातो, असे आम्हांला वाटते. टाळ्या वाजवणे आणि ‘तू कर, आम्ही आहोत’ असे म्हणणे हा त्याचा सोपा भाग आहे. आठवड्यातले आठ तास एका माणसाच्या नावावर लिहून देणे आणि त्या आठ तासांत त्याला फोन न करणे हा खरा भाग आहे, आणि तो असा पेन्सिलीने, खोडून खोडून लिहावा लागतो. प्रौढ वयात स्पर्धेला उतरणाऱ्याला सर्वांत आधी कमी पडतो तो वेळ. ताकदीचा आणि दमाचा प्रश्न त्यानंतर येतो.

दोरीवरचा हा निळा स्विमसूट जलतरणपटूच्या आईंनी वाळत घातला आहे आणि तो मुद्दाम सावलीत घातला आहे. क्लोरीन आणि ऊन या दोहोंनी कापडाचा ताण जातो, म्हणून त्या तो आधी साध्या पाण्यात दोनदा खळबळून काढतात, पिळत नाहीत आणि टॉवेलमध्ये गुंडाळून दाबतात. या वयात स्पर्धा कशाला, असा त्यांचा सुरुवातीचा प्रश्न होता, असे घरचे सांगतात. आम्ही चित्रण सुरू केले तेव्हा तो प्रश्न संपलेला होता. आम्हांला मिळाले ते हे हात, चार सकाळींना लागोपाठ, तेच काम त्याच क्रमाने करणारे.

चित्रफितीतला पुढचा भाग थोडा लांबला आहे आणि तो लांबू दिला आहे. तलावाच्या काठावर पोटावर पालथी झोपलेली ही मुलगी १६ वर्षांची आहे. जलरोधक पिशवीत घातलेला फोन पाण्याच्या पातळीला लावून ती आईच्या टर्नचे चित्रण करते आहे. अपात्रतेनंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिने हे काम स्वतःकडे घेतले आणि पुढच्या काही महिन्यांत शेकडो टर्न टिपले. प्रत्येक टर्न ती संथ गतीने पाहत असे आणि वहीत एकच खूण करत असे: दोन्ही हात बरोबर, की उजवा मागे.

तिच्या वहीतून जे पुढे आले ते प्रशिक्षकांच्याही लक्षात आलेले नव्हते. उजवा हात नेहमी मागे राहत नव्हता. तो मागे राहत होता तो मुख्यतः चौथ्या लांबीत, म्हणजे ५० मीटरच्या तलावात शेवटचे ५० मीटर पोहताना. दम लागला की हाताचा प्रत्येक फेरा तोकडा पडतो आणि जे अंतर एरवी मोजक्या फेऱ्यांत बसते ते बसेनासे होते. भिंत अर्ध्या फेऱ्यावर येऊन ठेपते. अशा वेळी माणूस ताणून भिंत गाठायला पाहतो आणि त्यांचा उजवा खांदा आखडलेला असल्यामुळे डावा हात आधी पोहोचतो. दोष दिसत होता भिंतीपाशी, पण घडत होता तो त्याच्या पाच मीटर अलीकडे.

लेन आखणाऱ्या दोरीवरच्या गोळ्यांचा रंग भिंतीपासून ५ मीटरवर बदलतो. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला डोके वर येते, त्यामुळे हा बदल पोहणाऱ्याला दिसू शकतो. मुलीने वहीत लिहिलेला तोडगा असा होता: रंग बदलला की मोजायला सुरुवात करायची, पहिल्या तीन लांब्यांत तीन फेरे घ्यायचे आणि तिसरा लांबवून भिंत गाठायची, शेवटच्या लांबीत मात्र आधीच मनाशी ठरवून चार आखूड फेरे घ्यायचे, म्हणजे ताणण्याची वेळच येणार नाही. प्रशिक्षकांनी वही दोन दिवस स्वतःकडे ठेवली, त्यात खांद्यासाठी रबरी पट्ट्याचे व्यायाम जोडले आणि मग हाच क्रम सरावात घातला. या दृश्यात तलावाच्या त्या पाच मीटरांतच त्यांची ये-जा चालली आहे. रंग बदलतो, एक, दोन, तीन, भिंत. पुन्हा मागे, पुन्हा रंग, पुन्हा भिंत. एका सकाळी आम्ही असे चाळीस टर्न मोजले.

भिंत सोडल्यानंतरचा हा सरकता क्षणही पाहण्यासारखा आहे. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट असते, त्यामुळे डोके जरा वर राहिले किंवा कोपर जरा उघडे राहिले तरी पायांनी मिळवलेला सारा वेग तिथेच मुरतो. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये स्टार्टनंतर आणि प्रत्येक टर्ननंतर पाण्याखाली हातांचा एक पूर्ण ओढा मांड्यांपर्यंत नेण्याची मुभा असते. पन्नाशीतल्या शरीराला वेग वाढवणे अवघड जाते, मिळालेला वेग राखणे त्या मानाने साध्य असते आणि म्हणून त्यांच्या सरावाचा मोठा हिस्सा हातपाय मारण्यापेक्षा स्थिर राहण्यावर गेला.

काठावर उभे असलेले हे गृहस्थ म्हणजे त्यांचे पती. त्यांना स्वतःला पोहता येत नाही. गळ्यातले स्टॉपवॉच ते प्रत्येक ५० मीटरला दाबतात आणि वेळ वहीत उतरवतात. अंगठ्याने घेतलेली वेळ स्पर्धेतल्या टच-पॅडइतकी, म्हणजे हात टेकताच वेळ नोंदवणाऱ्या भिंतीवरच्या पट्टीइतकी, काटेकोर नसते, हे ठाऊक असल्यामुळे ते सेकंदाच्या शंभराव्या भागाचा आकडा लिहीतच नाहीत. ८०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ५० मीटरच्या तलावात १६ लांब्या होतात आणि पोहणाऱ्याला मोजणी लक्षात ठेवणे कठीण जाते. लहान स्पर्धांत लॅपची पाटी पाण्याशी धरण्याचे काम बऱ्याचदा घरच्या माणसाकडे येते. गुडघे टेकून, बाही खांद्यापर्यंत वर सारून, ते ती पाटी पाण्याला लावून उभी धरतात ते दृश्य आम्ही न कापता ठेवले आहे. या वर्षात त्यांनी आपला संध्याकाळचा संगीताचा वर्ग थांबवला आणि मुलाच्या काही सामन्यांना घरचे कोणीही जाऊ शकले नाही.

स्पर्धेचा दिवस. मास्टर्स स्पर्धेत सर्वसाधारणपणे संथ वेळेच्या हीट, म्हणजे एकाच शर्यतीच्या तुकड्या, आधी होतात आणि शेजारच्या लेनमध्ये वेगळ्या वयोगटाचा स्पर्धक असू शकतो; निकाल मात्र प्रत्येक गटाचा स्वतंत्र लागतो. यांच्या उजवीकडच्या लेनमधल्या वयोवृद्ध स्पर्धक ब्लॉकवर, म्हणजे सूर मारण्याच्या चौथऱ्यावर, चढलेल्या नाहीत, त्या पाण्यातच भिंत धरून आहेत. मास्टर्सच्या नियमांत ब्लॉकवरून सूर मारणे, काठावरून सूर मारणे किंवा पाण्यातून भिंतीला रेटा देऊन निघणे, या तिन्ही प्रकारे सुरुवात करता येते. आखूड शिट्ट्या, मग एक लांब शिट्टी, मग शांतता.

पहिला टर्न आणि दुसरा टर्न आपण काठावरून पाहतो. तिसऱ्या टर्नला फोन मुलीच्या हातात आहे आणि चित्र थरथरते आहे. शेवटच्या लांबीत, दोरीचा रंग बदलतो तिथे, मोजावेत: एक, दोन, तीन, चार.

भिंतीला हात टेकल्यावर पोहणारे बहुतेक जण मान वळवून वेळेच्या फलकाकडे पाहतात. यांनी गॉगल कपाळावर सरकवला आणि आधी वर, भिंतीपाशी उभ्या असलेल्या निरीक्षकांकडे पाहिले. निरीक्षकांचे दोन्ही हात पाठीमागे बांधलेले होते आणि ते तसेच राहिले.

वेळ ३ मिनिटे ५७ सेकंद, गटात चौथा क्रमांक.

शेवटचे दृश्य घरातले आहे. रविवारची रात्र आहे आणि फ्रिजवरचा जुना कागद काढून पतींनी नवा लावला आहे. सोमवार, मंगळवार आणि शनिवार भरून झाले आहेत. गुरुवारच्या चौकटीपाशी पेन्सिल थांबलेली आहे आणि ते आत हाक मारून मुलीला विचारत आहेत की, या गुरुवारी सकाळी ती मोकळी आहे का.