डोळ्यांखालचा काळेपणा आणि सूज : आधी कारण ओळखा

नमस्कार, श्रोतेहो.

रात्री सात-आठ तास छान झोप झालेली असते, आणि सकाळी कुणीतरी विचारतं, "काय, जागरण झालं वाटतं?" मग औषधाच्या दुकानातून डोळ्यांखाली लावायची एखादी ट्यूब येते. महिनाभर लावून होते आणि फरक दिसत नाही म्हणून कपाटात पडून राहते. फरक दिसत नाही, कारण डोळे थकलेले दिसण्याची कारणं तीन-चार आहेत आणि प्रत्येकावरचा इलाज निराळा आहे. म्हणून आज आधी आपला प्रकार कोणता, ते ओळखायला शिकू.

पापणीची त्वचा साधारण अर्धा मिलिमीटर जाड असते. शरीरावर इतकी पातळ त्वचा दुसरीकडे नाही. तिच्याखाली चरबीचा थर जवळजवळ नसतो, लगेच स्नायू आणि बारीक रक्तवाहिन्या लागतात. त्यामुळे आतलं सगळं वर दिसतं.

सकाळी तोंड धुऊन, हातात आरसा घेऊन खिडकीसमोर उभे राहा. न्हाणीघरातल्या दिव्याखाली बघू नका. डोक्यावरच्या उजेडाने कुणाच्याही डोळ्यांखाली सावली पडते. आता बोटाने खालची पापणी गालाच्या दिशेला हलकेच ताणा. रंग तपकिरी असेल आणि ताणल्यावरही तेवढाच राहिला, तर त्वचेत रंगद्रव्य जास्त साठलंय. रंग निळसर-जांभळा असेल आणि ताणल्यावर आणखी गडद झाला, तर खालच्या रक्तवाहिन्या दिसताहेत. मग हनुवटी वर करून चेहरा उजेडाकडे धरा. काळेपणा नाहीसा झाला, तर तो रंग नव्हताच. डोळा आणि गाल यांच्यामधल्या खळग्याची ती सावली होती. बऱ्याच जणांमध्ये यातले दोन प्रकार एकत्र सापडतात.

तपकिरी काळेपणाचं आपल्या नाशिक भागातलं मोठं कारण म्हणजे डोळे चोळणं. लासलगावच्या बाजारात कांद्याच्या फोलपटांचा धुरळा असतो, द्राक्षबागेत भुरी रोगावर गंधक मारलं जातं, रस्त्याची धूळ तर सगळ्यांनाच. डोळा खाजतो, हात जातो, आणि रोजच्या घासण्याने त्वचा काळवंडत जाते. ज्यांना सारख्या शिंका येतात, नाक चोंदलेलं असतं, त्यांचं दुहेरी नुकसान होतं: नाकातल्या सुजेमुळे डोळ्यांखालच्या शिरांमध्येही रक्त तुंबतं आणि तिथे निळसर छटा येते. अशा माणसाने कितीही महाग क्रीम लावलं तरी उपयोग नाही. आधी ॲलर्जीवर डॉक्टरांकडून औषध घ्यायला हवं. खाज सुटली की चोळू नका, गार पाण्यात भिजवून पिळलेला रुमाल मिटलेल्या डोळ्यांवर ठेवा. फवारणी करताना बंद गॉगल घाला आणि हात साबणाने धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नका.

पापण्यांची त्वचा लाल, खडबडीत होत असेल तर काजळ बदलून बघाच, पण नखांकडेही बघा. नेलपॉलिशची ॲलर्जी पुष्कळदा बोटांवर न दिसता पापणीवर उठते, कारण हात सारखा डोळ्यांकडे जातो. केसांना लावायच्या काळ्या रंगाचंही तसंच.

आता सूज. सकाळी डोळे सुजलेले आणि दुपारपर्यंत उतरलेले, तर ते साठलेलं पाणी. रात्रभर आडवं झोपल्याने ते तिथे उतरतं, आणि रात्रीच्या जेवणात मीठ जास्त असेल तर अधिकच. दिवसभराचं मीठ 5 ग्रॅमच्या आत असावं, म्हणजे सपाट भरलेला एक लहान चमचा, आणि त्यात भाजी-आमटीपासून लोणच्यापर्यंत सगळं आलं. मिसळीवरची शेव-फरसाण, पापड, चिवडा हे पदार्थ संध्याकाळी सातनंतर टाळले, तर बऱ्याच जणांना दोन-चार दिवसांतच फरक कळतो. मिसळ खायचीच असेल तर सकाळी खा. डोक्याखाली आणखी एक उशी घ्या. दारूनेही सकाळची सूज वाढते.

उठल्यावर गार पट्टी 10 मिनिटं पुरे. बर्फ थेट लावू नका, पातळ त्वचा भाजल्यासारखी होते. फ्रीजमध्ये ठेवलेले दोन स्टीलचे चमचे चालतात. चहाच्या पुड्याही (टी-बॅग) चालतात: गरम पाण्यात 5 मिनिटं भिजवून, पिळून, फ्रीजमध्ये पूर्ण गार करून मग ठेवा. चहातल्या कॅफीनने रक्तवाहिन्या थोड्या आकसतात. काकडीचा गुण मात्र तिच्या गारव्यात आहे, त्यापलीकडे फारसा नाही. आणि सूज दिवसभर तशीच, वर्षानुवर्षं असेल, तर ती पुढे आलेली चरबीची पिशवी आहे. ती पट्टीने किंवा क्रीमने जात नाही, शस्त्रक्रियेनेच जाते.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांसाठी थोडं वेगळं सांगायला हवं. पाळी सुटल्यावर घरी येताना काळा चष्मा लावा, म्हणजे सकाळचा उजेड मेंदूला जागं करणार नाही. (दुचाकीवर झापड येत असेल तर मात्र गाडी चालवूच नका.) खोलीला जाड पडदा लावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि झोपण्याआधीच्या 6 तासांत चहा-कॉफी घेऊ नका. सकाळी आठला झोपणार असाल तर पाळीतला शेवटचा चहा रात्री दोनच्या आत घ्यायचा, हे अवघड आहे, पण झोप सलग लागते ती त्यानेच.

दिवसभर संगणकासमोर असाल तर पापणी लवण्याचं प्रमाण बरंच कमी होतं, डोळे कोरडे आणि लाल होतात. दर 20 मिनिटांनी 20 फुटांवरच्या वस्तूकडे 20 सेकंद बघा. डोळे पांढरे करणारे थेंब 3 दिवसांपेक्षा जास्त घालू नका. ते बंद केले की लाली पूर्वीपेक्षा वाढते.

क्रीम कशाला कोणतं? जांभळ्या प्रकारात आणि सुजेवर कॅफीनचं. तपकिरी रंगावर व्हिटॅमिन सी किंवा नायसिनामाइड (व्हिटॅमिन बी 3 चा प्रकार). त्वचा सुरकुतलेली असेल तर रेटिनॉल (व्हिटॅमिन ए चा प्रकार), तेही सुरुवातीला आठवड्यातून दोन रात्री. गरोदरपणात अजिबात नाही. दोन्ही डोळ्यांना मिळून मुगाच्या दाण्याएवढं क्रीम पुरतं. करंगळीशेजारच्या बोटावर घ्या, डोळ्याखालचं हाड हाताला लागतं त्या कडेवर ठिपके लावा आणि थोपटत जिरवा. पापणीच्या केसांपर्यंत नेलं तर रात्रीत डोळ्यात उतरतं आणि सकाळी आग होते. रंगात फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, आणि सकाळी एसपीएफ 30 चं सनस्क्रीन नसेल तर तोही दिसत नाही. झिंक ऑक्साइडचं घ्या, ते डोळ्यांना कमी झोंबतं.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. गोरं होण्यासाठी म्हणून हातोहात मिळणाऱ्या अनेक ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असतं. आठवडाभरात चेहरा उजळतो, म्हणून लोक ती बहिणीला, मैत्रिणीला सुचवतात. पापणीजवळ ती महिनोन्महिने लावली तर त्वचा आणखी पातळ होते, शिरा उघड्या पडतात, डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो. ट्यूबवर मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल यांपैकी नाव असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. बरेच महिने लावत असाल तर एकदम बंदही करू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. लिंबाचा रसही नको. लिंबू लावून उन्हात गेलात तर काळे डाग पडतात.

काही वेळा कारण शरीरात असतं. दम लागतो, पाळीत रक्तस्राव जास्त होतो, चेहरा पांढुरका दिसतो, तर हिमोग्लोबिन तपासा. बाईचं 12 च्या खाली आणि पुरुषाचं 13 च्या खाली म्हणजे रक्त कमी आहे. वजन वाढणं, थंडी सहन न होणं आणि सुजलेल्या पापण्या एकत्र असतील तर थायरॉइड बघा. लहान मुलाचे डोळे रोज सकाळी सुजत असतील आणि लघवीला फेस येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, मूत्रपिंडाची तपासणी हवी. एकाच डोळ्याला सूज, दुखणं, ताप, अंधुक किंवा दुहेरी दिसणं यातलं काही असेल तर वाट न बघता नेत्रतज्ज्ञ गाठा.

आणि लग्न उद्यावर आलं असेल तर? नुसतं फिकट कन्सीलर, म्हणजे डाग झाकायचं मेकअपचं क्रीम, लावू नका, आपल्या वर्णावर ते राखाडी दिसतं. आधी नारिंगी छटेचा करेक्टर (काळेपणा झाकायला खाली लावायचं रंगीत क्रीम), तोही फक्त नाकाकडच्या कोपऱ्यात जिथे सगळ्यात गडद आहे तिथे, मग वरून त्वचेच्याच रंगाचं कन्सीलर, थोपटून. थर जाड झाला की तासाभरात सुरकुत्यांत जमतो. रात्री काढताना कापसाच्या बोळ्यावर खोबरेल तेल घ्या, मिटलेल्या डोळ्यावर 20 सेकंद नुसता धरून ठेवा, मग एकदाच वरून खाली पुसा आणि तोंड धुवा.

नमस्कार.