हसू नेमकं कुठल्या मिनिटाला थांबलं?

(कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आजचा विषय आहे ‘इनसाइड नंबर नाइन’ ही ब्रिटिश मालिका आणि ती बघून उठल्यावर होणारी भांडणं. पाच जण एकाच सोफ्यावर बसून एकच भाग बघतात. एक म्हणतो ‘भारी’, दुसरा म्हणतो ‘किळसवाणं’, तिसरा म्हणतो ‘मला आधीच कळलं होतं’, आणि चौथा हमखास म्हणतो, ‘आम्हाला खुळ्यात काढलं की!’ पाचवा गप्प असतो. त्या पाचव्याकडे आपण नंतर येऊ.

आधी मालिकेची ओळख, थोडक्यात. बीबीसी टूवर 5 फेब्रुवारी 2014 ला सुरू झाली, 2024 मध्ये संपली. नऊ पर्वं, 55 भाग. लिहिणारे दोघेच, स्टीव्ह पेम्बर्टन आणि रीस शिअरस्मिथ. बहुतेक भागांत कामही तेच करतात. भाग साधारण अर्ध्या तासाचा. दर भागाला गोष्ट नवी, माणसं नवी, जागा नवी. सामाईक काय, तर जागेला कुठे तरी नऊ हा आकडा चिकटलेला असतो: घर, फ्लॅट, आगगाडीचा डबा, एका भागात तर बुटाचं माप. शिवाय सशाची एक छोटी मूर्ती प्रत्येक भागात मागे कुठे तरी ठेवलेली असते. काही प्रेक्षक अर्धा तास तो ससाच शोधतात आणि नटाचा चेहरा बघायचा राहून जातो. त्यांना माझी विनंती: ससा दुसऱ्या खेपेला शोधा.

आता मुद्दा. नेहमीच्या मालिकेत आपण पहिल्या आठवड्यात ठरवतो की हे विनोदी आहे की भीतीदायक, आणि पुढे वर्षभर तेच गृहीत धरतो. इथे हा निर्णय दर भागाला नव्यानं घ्यावा लागतो आणि तो पहिल्या पाच मिनिटांत घेतला जातो. तीस मिनिटांतली पाच म्हणजे सहावा हिस्सा. त्या वेळात एकानं ‘हा फार्स आहे’ असं ठरवलं आणि शेजारच्यानं ‘ही भयकथा आहे’ असं ठरवलं, की उरलेली पंचवीस मिनिटं दोघे दोन वेगळे भाग बघतात. आवडीनिवडीवर फार खापर फोडू नका. बहुतेक वाद या पहिल्या ठरवण्यातून येतात.

‘अ क्वाएट नाइट इन’ घ्या. पहिल्या पर्वातला दुसरा भाग. दोन चोर एका काचेच्या, आधुनिक घरात चित्र चोरायला शिरतात. घरात माणसं आहेत, म्हणून आवाज करायचा नाही. जवळजवळ अख्खा भाग संवादाशिवाय चालतो. दारं, पडदे, एकानं पाठ फिरवली की दुसऱ्यानं सटकायचं, हे सगळं आपल्या ओळखीचं आहे. केशवराव भोसले नाट्यगृहात ज्यांनी फार्स बघितले, त्यांना हे तंत्र कुणी शिकवावं लागत नाही. ते पहिल्या मिनिटापासून हसतात. पण फार्सचा एक अलिखित करार असतो: गोंधळ कितीही वाढो, शेवटी कुणाला इजा होत नाही. इथे तो करार मध्येच मोडला जातो. त्यामुळे सुरुवातीला सगळ्यांत जास्त हसलेला माणूसच सगळ्यांत जास्त चिडतो. मराठी गूढकथा वाचत आलेल्या माणसाचं उलटं होतं. दिवाळी अंकांतून त्याला शेवटच्या ओळीतला धक्का पाठ झालेला असतो, म्हणून तो सुरुवातीला हसतच नाही, सावध बसतो. शेवट त्याला आवडतो, पण विनोद निसटलेला असतो. दोघांनाही अर्धाच भाग मिळतो.

चार जणांना एकत्र बसवून बघायचं असेल तर काही गोष्टी पाळा. घरच्यांत असाल तर प्रश्न नाही. हॉल घेऊन जाहीर दाखवायचं असेल तर हक्कधारकाची परवानगी लागते. दहा-बारा माणसं पुरे. पंधराच्या वर गेलं की एकाच्या हसण्यामागे बाकीचे हसतात आणि कुणाला खरोखर काय वाटलं ते कळत नाही. एका बैठकीत दोनच भाग, मध्ये वीस मिनिटांचा चहा. तीन लावले की तिसऱ्या भागात सगळे गुप्तहेर होतात: गोष्ट कुणी ऐकत नाही, सगळे शेवट हुडकत बसतात.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे बोलावतानाच ‘शेवटी जबरदस्त ट्विस्ट आहे’ असं सांगणं. गोष्ट फोडली नाही, असं आपल्याला वाटतं. पण प्रेक्षकानं कसं बघायचं ते आपण ठरवून टाकलेलं असतं. मग खुर्चीवरचा कप दिसला तरी तो पुरावा. सांगायचंच असेल तर विषय सांगा. ‘कोल्ड कम्फर्ट’ हा हेल्पलाइनवर घडणारा भाग आहे, त्यात आत्महत्येचा विषय येतो. ‘सार्डिन्स’मध्ये लहान मुलांवरच्या अत्याचाराची सावली आहे. हे आधी सांगणं गरजेचं आहे. फक्त दोन्ही भागांचे विषय एकदम सांगा, कुठला कशात आणि कितव्या मिनिटाला ते सांगू नका.

‘सार्डिन्स’ला आणखी एक अडचण आहे. साखरपुड्याच्या पार्टीतले पाहुणे एका कपाटात एकेक करून शिरतात, आणि आपल्याकडचा प्रेक्षक पहिली सात-आठ मिनिटं ‘ही माणसं कपाटात का चाललीत?’ यातच घालवतो. हा उलट्या लपाछपीचा खेळ आहे. एकानं लपायचं, बाकीच्यांनी शोधायचं, आणि ज्याला तो सापडेल त्यानं आरडाओरडा न करता तिथेच त्याच्याशेजारी लपायचं. एवढे दोन नियम आधी सांगितले की भाग सुरळीत लागतो. ‘द रिडल ऑफ द स्फिंक्स’चं तसं होत नाही. त्यात इंग्रजी शब्दकोड्याचे श्लेष आहेत, ते समजावत बसलात तर रंगत गेलीच. ‘झांझिबार’ शेक्सपिअरच्या छंदात लिहिलेला आहे. कान इंग्रजीला सरावलेले नसतील तर तोही पुढे ढकला.

इंग्रजी सबटायटल लावा, पण बहिऱ्यांसाठीची नकोत. त्यांत दार करकरल्याचं, पावलं वाजल्याचं आधीच लिहून येतं आणि दचकायची सोय राहत नाही. ‘अ क्वाएट नाइट इन’ला सबटायटल पूर्ण बंद.

भाग संपल्यावर लगेच बोलायचं नाही. पाच मिनिटं प्रत्येकानं कागदावर तीन आकडे लिहायचे: शेवटचं मनापासून हसू कितव्या मिनिटाला आलं, अस्वस्थ कधी वाटलं आणि शेवट कधी ओळखला. मिनिट आठवत नसेल तर प्रसंग लिहा. घड्याळ लावून लिहीत बसलात तर पडद्यावरची नजर हटते. मग कागद शेजारी शेजारी ठेवा. ‘किळसवाणं’ म्हणणाऱ्याचं हसू आणि अस्वस्थता एकाच प्रसंगावर असतात. ‘भारी’ म्हणणाऱ्याची अस्वस्थता हसण्याच्या बरीच आधी सुरू झालेली असते. आणि तो पाचवा, गप्प बसलेला? त्याला पहिल्यांदा बोलू द्या. वाचाळ माणसानं एकदा ‘फसवणूक’ हा शब्द उच्चारला, की पुढचा तासभर सगळे त्याच शब्दाभोवती फिरतात.

शेवटांबद्दल थोडं. खासबागेत, आपल्या कुस्तीच्या मैदानात, दोन तऱ्हेचे प्रेक्षक असतात. एकाला कुस्ती निकाली हवी. पाठ लागली की पैसे वसूल. दुसरा डाव बघायला येतो. बरोबरीत सुटली तरी पट कसा काढला, तो कसा तोडला, हे घरी जाईपर्यंत बोलतो. ‘बर्नी क्लिफ्टन्स ड्रेसिंग रूम’ या भागात एकेकाळची विनोदी जोडी तीस वर्षांनी भेटते आणि जुने विनोद पुन्हा करून बघते. दोन म्हातारे नट एका खोलीत, बस. निकालवाल्याला तो संथ वाटतो. डाव बघणाऱ्याला कदाचित मालिकेतला सगळ्यांत चांगला. माझं मत दुसऱ्याच्या बाजूनं. उलट ‘द डेव्हिल ऑफ क्रिसमस’मध्ये 1970 च्या दशकातल्या टीव्ही नाटकाची इतकी हुबेहूब नक्कल आहे की खराब अभिनयालाच लोक हसत बसतात, आणि शेवट अंगावर येतो. नव्या माणसाला हा भाग पहिल्यांदा दाखवू नका. तो परत येणार नाही.

प्रेक्षकाच्या करारालाच हात घालणारा भाग म्हणजे 28 ऑक्टोबर 2018 चा ‘डेड लाइन’. थेट प्रक्षेपण होतं. सुरू होऊन थोडा वेळ झाल्यावर आवाज गेला, निवेदकानं दिलगिरी व्यक्त केली, आणि त्याऐवजी जुना ‘अ क्वाएट नाइट इन’ लावला. हे सगळं लिहिलेलं होतं. शिअरस्मिथनं तर प्रक्षेपण चालू असताना ट्विटरवर विचारलं की आम्ही आत्ता बीबीसी टूवर आहोत का. चॅनेल बदलून गेलेल्यांच्या मते त्या रात्री बिघाड झाला. थांबलेल्यांनी एक भयकथा बघितली. आज हा भाग दाखवताना घात करते ती प्लेअरच्या खालची पट्टी. आवाज जातो तेव्हा ती शांतपणे सांगते की अजून वीस-एक मिनिटं बाकी आहेत. म्हणून पट्टी लपवा, रिमोट एकाच्याच हातात ठेवा आणि भागाचं नाव आधी सांगू नका. आवाज गेल्यावर कुणी उठून वायर हलवायला लागला तर त्याला हलवू द्या.

2023 चा ‘थ्री बाय थ्री’ मात्र आता त्या रूपात मिळणार नाही. त्या वेळी भलत्याच भागाची जाहिरात झाली होती आणि प्रत्यक्षात लागला एक क्विझ शो, खऱ्या सूत्रसंचालकासह. निम्मं काम त्या जाहिरातीनं केलं होतं.

कुणी तरी चिठ्ठी पाठवली आहे: सुरुवात कुठून करावी? पहिल्या बैठकीत ‘अ क्वाएट नाइट इन’, चहा, मग ‘द ट्वेल्व्ह डेज ऑफ क्रिस्टीन’. दुसऱ्या भागात एका बाईच्या आयुष्याचे तुकडे उलटसुलट येतात. मध्ये पॉज करून ‘हे कधीचं?’ असं विचारू नका. तो गोंधळ मुद्दाम ठेवलेला आहे. आणि दहावीच्या मुलांना दाखवू का, असंही विचारलं आहे. ‘अ क्वाएट नाइट इन’ आधी स्वतः बघून ठरवा. ‘द डेव्हिल ऑफ क्रिसमस’ नको.