मोजे काढा, सिस्टरना पाय दाखवा

श्रोतेहो, नमस्कार.

मधुमेहाच्या तपासणीला गेलं की आपण साखरेचा रिपोर्ट दाखवतो, ब्लडप्रेशर मोजून घेतो आणि घरी येतो. मोजे पायातच राहतात. वर्षातून निदान एकदा ते उतरायला हवेत, कारण मधुमेहाने पाय बधिर होऊ शकतात. डॉक्टरांकडे गर्दी असेल तर सिस्टरना सांगा, "माझे पाय बघता का?" त्यांना हे काम चांगलं येतं.

त्यांच्याकडे नायलॉनचा एक तंतू असतो, मोनोफिलामेंट. तो १० ग्रॅम दाबाला वाकतो. आधी हातावर टेकवून स्पर्श कसा लागतो ते दाखवतात, मग तुम्हाला डोळे मिटायला सांगतात. अंगठ्याची खालची बाजू आणि पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या बोटाखालचा चवडा, अशा ठिकाणी तंतू वाकेपर्यंत दाबायचा, एक-दोन सेकंदच. घट्ट्यावर नाही, कारण तिथली जाड कातडी चाचणी फसवते. शिवाय पेशंटला भिडेखातर "हो, हो" म्हणायची सवय असते, म्हणून चांगली सिस्टर मधेच तंतू न टेकवताही विचारते, "आता कळलं?"

मग पावलाच्या पाठीवरची आणि घोट्यामागची नाडी बघतात. बोटांच्या बेचक्या उघडून बघतात. पावसाळ्यात ओल राहते ती तिथेच. बायकांच्या पायात जोडवी असतात. पाय सुजला की जोडवं बोटात रुततं आणि खालची कातडी ओली, पांढरी पडते. बधिर बोटाला ते कळतच नाही. रात्री जोडवी काढून ठेवा. निघत नसतील तर ओढाताण न करता दाखवा.

घट्टा मात्र घरी ब्लेडने कापू नका, कुरूपाची औषधी पट्टीही नको. तिच्यातलं आम्ल घट्ट्याबरोबर चांगली कातडीही खातं. घट्ट्यात काळा ठिपका दिसला तर बहुधा आत रक्त साकळलंय, खाली जखम असू शकते. जखम झाली तर रोजचं ड्रेसिंग पुरत नाही. त्याच जागेवर भार देत चालत राहिलात तर ती भरायची नाही.

घरच्यांसाठी एक चाचणी. डोळे मिटलेल्या माणसाच्या दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, यांच्या टोकांना आपलं बोट हलकेच एक-दोन सेकंद लावा. टोचायचं नाही, घासायचं नाही. सहापैकी दोन ठिकाणी कळलं नाही, तर दवाखान्यात जाऊन पाय तपासून घ्या.

आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात येतात आणि पुढे दिवेघाट चढेपर्यंत अनवाणी चालायचा कुणाचा नवस असतो. पाय बधिर असतील तर तो नवस विठोबाला सांगून बदलून घ्या. नव्या चपलाही वारीत पहिल्यांदा घालू नका. मागे पट्टा असलेल्या, मऊ तळाच्या, आधी थोड्या थोड्या वापरून रुळलेल्या घ्या. अंगठ्याची चप्पल बधिर पायातून निसटते, ते लक्षातही येत नाही. मुक्कामी पोचल्यावर पाय गरम पाण्यात बुडवू नका. कोमट पाण्याने धुवा, बेचक्या टिपून कोरड्या करा, टाचेला क्रीम लावा, बेचक्यांत मात्र नाही.

एक पाय लाल, गरम आणि सुजलेला आहे, पण फारसा दुखत नाही, असं झालं तर मुरगळला समजून मालिश करू नका. आतली हाडं ठिसूळ होऊन मोडत असतील, चालत राहिलात तर तळव्याची कमान खचते. तो पाय टेकू नका, रिक्षा करा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.