बूट काढून झोपायला किती दिवस लागतात

आमच्या निवारागृहात एक पंधरा वर्षांची मुलगी आली होती. रात्री उशिरा आली, हातात एक पिशवी. तिला खाट दाखवली, पांघरूण दिलं. ती बूट घालूनच झोपली. आम्हाला वाटलं, दमली असेल. दुसऱ्या रात्रीही बूट. दहाव्या रात्रीही बूट, आणि पिशवी उशाशी, केव्हाही उचलून निघता येईल अशी बांधलेली. आमच्यातल्या एका नव्या कार्यकर्तीनं मायेनं सांगून पाहिलं, "अगं, बूट काढ, पाय मोकळे होतील." त्यावर ती म्हणाली, "मला इथून कधी हलवणार, ते आधी सांगणार आहात का?"

हा प्रश्न माझ्या मनातून कधी गेला नाही. निवारा आणि प्रतिपालकत्व, म्हणजे आपण सगळे आता ज्याला फॉस्टर केअर म्हणतो, मुलाला संस्थेऐवजी दुसऱ्या कुटुंबात काही काळ सांभाळणं, यांवर बोलायला तुम्ही मला बोलावलंत. मी जे सांगणार आहे ते सगळं त्या मुलीच्या प्रश्नापाशीच येऊन थांबतं.

ज्या मुलाला मोठ्यांनी मारलंय, विकलंय, टाकलंय किंवा नुसतं विसरलंय, त्याच्या डोक्यात एक पहारेकरी सतत जागा असतो. दार वाजलं की दचकायचं, मोठा आवाज आला की पळायची वाट शोधायची, जेवण समोर आलं की अर्धं लपवून ठेवायचं. उशीखाली कोंबलेलं वाळकं खाणं आम्हाला कितीदा सापडलं आहे! याला चोरी म्हणू नका. उपाशी राहिलेल्या जिवानं उद्याची केलेली तजवीज आहे ती. धोक्यात जगताना हा पहारेकरी उपयोगाचा असतो, त्यानंच त्या मुलाला जिवंत ठेवलेलं असतं. पण तो जागा असेपर्यंत शिकणं होत नाही, मैत्री होत नाही, नीट झोपही लागत नाही. शाळेत "लक्ष नाही" म्हणून ओरडा खाणाऱ्या अशा मुलांचं लक्ष असतंच. फक्त ते फळ्याकडे नसतं, दाराकडे असतं.

निवारागृहाचं पहिलं काम त्या पहारेकऱ्याला विश्रांती देणं. उपदेश नाही, चौकशीचा भडिमार नाही. मूल आलं की त्याला एकदाच, शांतपणे, ही जागा कसली आहे ते सांगायचं. आज रात्री इथे कोण असेल, सकाळी कोण येईल, डॉक्टर कधी तपासतील, बाथरूमला आतून कडी आहे. आम्ही एका भिंतीवर पाटी लावली: आज रात्रपाळीला कोण, उद्या कोण. साधी पाटी, पण मुलं दिवसातून चारदा येऊन ती वाचायची. ठरलेल्या वेळी जेवण आणि ठरलेली माणसं, यांनी जेवढं काम होतं तेवढं पहिल्या महिन्यात कुठल्याही समुपदेशनानं होत नाही, असं माझं ठाम मत आहे. समुपदेशन लागतंच, पण ते नंतर.

मात्र निवारागृह हा थांबा आहे. तिथेच वर्षानुवर्षं गेली तर थांब्याचीच संस्था होते, आणि संस्थेत वाढण्याची किंमत काय, हे आता आपल्याला नीट ठाऊक आहे. जॉन बोल्बी या मनोविकारतज्ज्ञानं १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी बेघर मुलांवर अहवाल लिहिला. लहान मुलाला अन्न-वस्त्राइतकीच एका मायेच्या, टिकून राहणाऱ्या माणसाची गरज असते, हे त्यानं त्यात ठामपणे मांडलं. मग पन्नासेक वर्षांनी रोमानियात त्याचा कसून पडताळा आला. १९८९ साली तिथली राजवट कोसळली तेव्हा हजारो मुलं सरकारी अनाथालयांत होती. पाळणे ओळीनं, मुलं अनेक आणि सांभाळणारी माणसं मोजकी, तीही पाळीगणिक बदलणारी. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या संशोधकांनी बुखारेस्टच्या अशा संस्थांमधली १३६ लहान मुलं निवडली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत विभागणी झाली. निम्म्यांसाठी प्रतिपालक कुटुंबं शोधली, निम्म्यांचं नेहमीसारखं चालू राहिलं. तिथे प्रतिपालकत्व जवळजवळ नव्हतंच, म्हणून संशोधकांनी ही कुटुंबं स्वतः उभी केली, त्यांना मानधन आणि सामाजिक कार्यकर्त्यांची साथ दिली. दुसऱ्या गटातल्या मुलांना घर मिळत असेल तर अडवायचं नाही, असंही ठरलं होतं. तरीही अशी विभागणी करावी का, हा प्रश्न मला टोचतोच. तो टोचलाच पाहिजे.

निष्कर्ष असा: घरात गेलेल्या मुलांची बुद्धिमत्ता, भाषा आणि माणसांशी जुळणारं नातं, सगळंच संस्थेतल्या मुलांपेक्षा सुधारलं. मेंदूच्या विद्युतलहरींतही फरक दिसला. साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांचा फायदा सगळ्यात जास्त होता.

हे ऐकून अनेक जण मला विचारतात, मग पंधरा वर्षांच्या मुलीचं काय? तिची तर गाडी चुकली ना? नाही, चुकली नाही. हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि तिच्या सहकाऱ्यांनी अनेक दशकं पाठपुरावा केला. गरिबी, व्यसनी किंवा आजारी आईबाप, मोडलेली घरं अशा अनेक अडचणींत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं चांगली, कर्ती माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात किमान एक भरवशाचं मोठं माणूस होतं. कुणाची आजी, कुणाचे शिक्षक, कुणाची शेजारीण. मला मात्र त्याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट: किशोरवयात भरकटलेल्यांपैकीही बहुतेक जण पुढे, तिशी-चाळिशीपर्यंत सावरले. दार उशिरा उघडलं तरी माणूस आत येतो.

आता घराकडे वळू. प्रतिपालक व्हायला आलेल्या जोडप्यांना वाटतं, आपण माया दिली की मूल मायेनं वागेल. पहिले काही आठवडे तसं होतंही. मूल शहाण्यासारखं वागतं, पाहुण्यासारखं. आणि मग अचानक भांडी फुटायला लागतात, शिव्या येतात, "तुम्ही माझे कोणी नाही" हे वाक्य येतं. घाबरून फोन येतो, "ताई, काहीतरी बिघडलंय." मी त्यांना सांगते, आता कुठे सुरू झालंय. मूल परीक्षा घेतंय. आजवर सगळ्यांनी सोडलं, मग तुम्ही कधी सोडणार, ते तरी लवकर कळू दे, असं त्याचं गणित असतं.

इथे मला माझीच एक चूक सांगायची आहे. बारा वर्षांचा एक मुलगा होता. पहिल्या घरात त्यानं टीव्ही फोडला, आम्ही त्याला दुसरीकडे नेलं. तिथून पळाला, तिसरीकडे नेलं. दर वेळी कागदावर कारण लिहिलं, "वर्तन समस्या", आणि खाली सही माझी. तिसऱ्या घरात पोहोचल्यावर त्यानं पिशवी उघडलीच नाही. मला तेव्हा कळायला हवं होतं की प्रत्येक बदलीनं आम्ही त्याचाच अंदाज खरा ठरवत होतो. त्या पहिल्या घराला आठवड्यातून दोनदा जाऊन कुणी आधार दिला असता, रात्री अकराला उचलला जाणारा एक फोन नंबर दिला असता, कधीमधी दोन दिवसांची उसंत दिली असती, तर तो मुलगा तिथेच टिकला असता असं मला आजही वाटतं. प्रतिपालकांना एकटं टाकणं म्हणजे मुलालाच पुन्हा टाकणं.

आणि मुलाला त्याची आधीची माणसं विसरायला सांगू नका. आई दारूत बुडालेली असेल, बाप तुरुंगात असेल, तरी ती त्याची माणसं आहेत. सुरक्षित असेल तेव्हा भेट व्हावी, भावंडं शक्यतो एकत्र राहावीत, आणि घरची परिस्थिती सुधारली तर मूल परत जावं. संयुक्त राष्ट्रांनी २००९ साली पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली, त्यात हे सगळं आहे. त्यात मला फार आवडणारी एक छोटी गोष्ट आहे: अशा प्रत्येक मुलाची आयुष्यकथेची वही असावी. फोटो, आठवणीच्या वस्तू, कुठून कुठे आलो याची नोंद. आपल्या बालपणाच्या गोष्टी आपल्याला घरातली मोठी माणसं सांगतात. चार ठिकाणी वाढलेल्याला त्या कोण सांगणार? पहिला दात कधी पडला, हे माहीत असणारं कुणी जगात नसणं हा एकटेपणा मी मुलांच्या तोंडून ऐकला आहे.

राहता राहिलं अठरावं वर्ष. कायद्यानं सज्ञान झाला की सामान बांधा, असं अनेक ठिकाणी अजून चालतं. आपल्या स्वतःच्या मुलांना आपण अठराव्या वाढदिवशी घराबाहेर काढतो का? अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एकविसाव्या वर्षापर्यंत प्रतिपालकत्वात राहता येत होतं, शेजारच्या विस्कॉन्सिन आणि आयोवात बहुतेकांना अठरालाच निघावं लागे. तिथल्या शेकडो तरुणांचा पाठपुरावा झाला तेव्हा इलिनॉयमधले तरुण कॉलेजात जास्त पोहोचलेले दिसले. इंग्लंडमध्ये २०१४ पासून प्रतिपालक कुटुंबात एकविसाव्या वर्षापर्यंत राहण्याची सोय कायद्यानं झाली. तीन वर्षं वाढवून दिली, एवढंच. पण त्या तीन वर्षांत माणूस नोकरी धरतो, ती सोडतो, घरी येऊन रडतो आणि दुसरी शोधतो. त्यासाठी घर लागतं.

ती बूट घालून झोपणारी मुलगी. सत्तेचाळिसाव्या रात्री तिनं बूट काढले, रात्रपाळीच्या बाईंनी नोंदवहीत तसं लिहिलं होतं. त्याआधी आम्ही तिला एक शब्द दिला होता: तुला कुठे न्यायचं ठरलं तर ते सगळ्यात आधी तुला कळेल, आणि ते घर तू आधी बघून येशील. तसंच केलं. त्या घरी ती पाच वर्षं राहिली.

आता ती तेवीस वर्षांची आहे. मागच्या वर्षी तिचा फोन आला, हॉस्पिटलमधून. छोटं ऑपरेशन होतं, घाबरण्यासारखं काही नव्हतं. म्हणाली, "फॉर्ममध्ये विचारलंय, तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं. मी त्या घरच्या आईचं नाव लिहिलंय. दुसरी ओळ पण आहे. तुमचं लिहू?"